रडू येत नाही, मग पश्चात्ताप खरा कसा समजायचा?

केळीवाडी

नमस्कार मंडळी. इथे आठ वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा वसईचा, कॅथलिक. नोकरीमुळे पुण्यात. शेवटचं कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, केलं त्याला अकरा वर्षं झाली. मिस्साही (रविवारची उपासना) सुटलीच म्हणा, लग्न-मयताला तेवढी. देवावर राग वगैरे काही नव्हता. एका रविवारी गेलो नाही, पुढच्या रविवारी जायला लाज वाटली, आणि मग लाजेचीही सवय झाली.

यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, ऑफिसच्या लिफ्टमध्ये केरळच्या एका सहकाऱ्याच्या कपाळावर राखेचा क्रूस दिसला. माझा हात आपसूक माझ्या कपाळाकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. आमच्या घरी आई झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आधीचा रविवार) झावळी वर्षभर आल्तारामागे खोचून ठेवायची आणि उपवासकाळाआधी चर्चला परत द्यायची. तीच जाळून राख होते. गेल्या वर्षी 'होसान्ना' म्हणत हलवलेली झावळी या वर्षी कपाळावर. हे सगळं लिफ्टमध्ये, सातव्या मजल्यापर्यंत आठवलं.

आता मूळ मुद्दा. वडील गेल्यावर आमची नऊ गुंठे वाडी विकली. व्यवहार मी बघत होतो, भाऊ वाडीत राबत होता. काही रक्कम रोखीत आली. भावाला मी आकडा कमी सांगितला. त्याच्या वाट्याचे चार लाख माझ्याकडे राहिले आणि पुण्यातल्या फ्लॅटच्या डाऊनपेमेंटमध्ये गेले. त्याला आजतागायत माहीत नाही. दर वर्षी तो सुकेळी (सुकवलेली केळी) पाठवतो, केळीच्या सुक्या सोपटात बांधलेली. मी ती ऑफिसात वाटून टाकतो. घशाखाली उतरत नाहीत.

ईस्टरच्या आधी कन्फेशन करावं असं मनात आहे. अडचण अशी की मला रडू येत नाही. पोटात काही तुटत नाही. चूक होती हे कळतं, हिशोब चुकल्यावर कळतं तसं. आई म्हणायची, मनापासून वाईट वाटलं नाही तर फादरच्या पुढ्यात बसून काय उपयोग? मग आधी वाईट वाटायची वाट बघू की तसाच जाऊ?

नगरी_सलाम

सलाम दादा. मी नगरचा, आमची मंडळी प्रोटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली, त्यामुळे कन्फेशनचं मला फारसं कळत नाही. पण शब्दाबद्दल सांगतो. 'पश्चात्ताप' या आपल्या शब्दानेच थोडा घोटाळा केलाय. पश्चात् म्हणजे मागाहून, ताप म्हणजे पोळणं. त्यामुळे आपण पोळलंय का ते तपासत बसतो. मूळ ग्रीक शब्द आहे मेतानोइया, म्हणजे मन पालटणं, विचाराची दिशा बदलणं. त्याच्याही मागे जुन्या करारातलं हिब्रू क्रियापद आहे 'शूव', म्हणजे सरळसरळ माघारी फिरणं. चुकीच्या एसटीत बसलेला माणूस उतरून उलट दिशेची गाडी पकडतो, तसं. त्याने स्टँडवर रडावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट पुन्हा वाचा, बापाकडून घेतलेला वाटा उडवून बसलेल्या धाकट्या पोराची. लूक १५. तो डुकरांच्या शेंगांकडे बघतो आणि 'शुद्धीवर येतो'. पहिला विचार काय? बापाच्या घरी मोलकऱ्यांना पोटभर भाकरी आहे आणि मी इथे उपाशी मरतोय. बापाची आठवण येऊन गळा दाटला असं लूकने लिहिलेलं नाही. पोटात भूक होती, हिशोब केला, उठला, चालू लागला. तुमच्यासारखाच हिशोबी माणूस म्हणायचा!

कट्ट्यावरचा

धागा चांगला आहे, पण नास्तिक म्हणून एक खडा टाकतोच. पाप करायचं, जाळीपलीकडच्या माणसाला सांगायचं, चार प्रार्थना म्हणायच्या, पाटी कोरी. चार लाख भावाचे आणि माफी देणार फादर? मध्ये देव कुठून आला? ज्याचे पैसे गेले त्याला विचारलं का कुणी?

अनाहूत

कट्ट्यावरचा, आमच्यातही हेच चालतं की. गंगेत बुडी मारली, पाप धुतलं. पण तुकोबा एका अभंगात म्हणतात, अनुतापात चित्त न्हालं की तेच प्रायश्चित्त. म्हणजे बुडी घ्यायची ती पाण्यात नव्हे. माझा प्रश्न ख्रिस्ती मंडळींना: तुमच्यात 'अनुताप' हा शब्द वापरतात का? मला 'पश्चात्ताप'पेक्षा तो गोड वाटतो.

नगरी_सलाम

@अनाहूत, वापरतात, विशेषतः जुन्या पिढीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी वारकऱ्यांची भाषा आली ती उगाच नाही.

आजीची_पेटी

मी मालवणची, आजोळ गोव्यात. आजी कन्फेशनला 'कुमसार' म्हणायची, पोर्तुगीजमधून आलेला शब्द. गावातल्या बायका कुमसाराला जायच्या आधी एकमेकींच्या घरी जाऊन 'माफ कर गो' म्हणून यायच्या. त्यात वर्षभराची सगळी भांडणं निघायची. कोंबडीने भाताचं रोप खाल्लं इथपासून. कधी कधी माफी मागायला गेलेली बाई नवीन भांडण करून यायची आणि मग तेही कुमसाराच्या यादीत. आम्ही पोरं हसून हसून लोळायचो.

पण @कट्ट्यावरचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या बायकांना ठाऊक होतं. आधी शेजारीण, मग फादर. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू तेच सांगतो. वेदीवर दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये.

जुनी_वही

हळूहळू इतिहासात शिरूया का? मला राहवत नाही.

'परत यायचं असेल तर दार उघडं आहे का' या प्रश्नावर चर्च एकदा फुटायला आलं होतं. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. हे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले सापडलेत, त्यामुळे ही दंतकथा नाही. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी घाबरून बळी दिला. काहींनी बळी दिला नाही, पण लाच देऊन दाखला मिळवला. (हे वाचून आपल्याकडचं काय काय आठवतं!) छळ ओसरल्यावर ही सगळी माणसं चर्चच्या दाराशी आली, आम्हाला परत घ्या म्हणत.

रोममध्ये नोव्हातियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, नाही, ज्याने ख्रिस्ताला नाकारलं त्याला चर्चने क्षमा करायची नाही. दुसरीकडे छळात तुरुंग भोगलेले काही जण भराभर शिफारसपत्रं वाटत होते, यांना लगेच घ्या म्हणून. कार्थेजचा बिशप सिप्रियन मध्ये उभा राहिला: दार बंद करायचं नाही, पण फुकटही उघडायचं नाही. दाखला विकत घेतलेला आणि प्रत्यक्ष बळी दिलेला यांत फरक करायचा, प्रायश्चित्ताचा काळ ठरवायचा, मग घ्यायचं. २५१ च्या धर्मसभेत साधारण हेच ठरलं. सिप्रियनवर टीकाही झाली, कारण छळाच्या वेळी तो स्वतः लपून बसला होता. पण २५८ मध्ये पुढच्या छळात त्याचं शीर उडवलं गेलं.

त्या काळी प्रायश्चित्त चारचौघांत असायचं. आज आपण बघतो ते खाजगीत, पुन्हा पुन्हा करता येणारं कन्फेशन आयरिश मठवासींनी सहाव्या-सातव्या शतकापासून पसरवलं. वर्षातून किमान एकदा कराच, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेचा. जाळीची लाकडी खोपटी तर थेट सोळाव्या शतकातली. तेव्हा केळीवाडी, अकरा वर्षं म्हणजे अकरा नियमभंग, पण दार सिप्रियनच्या काळापासून उघडं आहे.

आता रडू न येण्याबद्दल. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ मध्ये यावर बारीक विचार केलाय. देवावरच्या प्रेमातून उपजलेलं दुःख म्हणजे पूर्ण पश्चात्ताप. पापाची किळस किंवा शिक्षेची भीती यांतून आलेला तो अपूर्ण. पण अपूर्ण असला आणि पाप सोडायचा निश्चय असला तर तोही कन्फेशनसाठी पुरतो. डोळ्यांतल्या पाण्याची अट कुठेच नाही. वाट बघू नका, जा.

कट्ट्यावरचा

@जुनी_वही, इतिहास आवडला. पण दार फुकट उघडायचं नाही म्हणणाऱ्या चर्चनेच पुढे पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैशाला विकली, तेही लिहा.

जुनी_वही

लिहितो की. त्यावरूनच मार्टिन ल्यूथर पेटला, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाले तो. ३१ ऑक्टोबर १५१७, त्या विक्रीविरुद्ध पंचाण्णव कलमं. आणि गंमत म्हणजे त्यातलं पहिलंच कलम आपल्या धाग्याचं आहे: ख्रिस्त 'पश्चात्ताप करा' म्हणाला तेव्हा विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्यच पश्चात्ताप असावं असा त्याचा अर्थ होता. एकदा पावती फाडली, विषय संपला, असं नव्हे. ट्रेंट भरली तीही त्या वादळानंतरच.

भीमेकाठची

मी दौंडजवळची. केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आमच्या शेजारी, आजीची आई तिथे वाढली. आमच्या घरात पश्चात्तापाच्या गोष्टी मोठ्या आवाजातल्या. १९०५ साली मुक्तीत धार्मिक जागृतीची जी लाट आली तिच्यात शेकडो मुली रडत, ओरडत, आपली पापं मोठ्याने सांगत होत्या. पणजी तेव्हा लहान होती. ती सांगायची, सगळ्या रडत होत्या म्हणून मीही रडले, पण माझं पाप काय ते मला आठवेचना, मग मी चोरलेल्या गुळाचं सांगितलं. :)

पण खुद्द पंडिता रमाबाईंचं बघा. बाप्तिस्मा घेतला १८८३ मध्ये, इंग्लंडात. आणि पुढे स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. इतकी शिकलेली बाई, शारदा सदन काढलेली, हजारांना आधार देणारी, आणि हे कबूल करते. त्या बाईला आठ वर्षं लागली, तुम्ही अकरा घेतलीत. मला त्यात फार मोठा फरक दिसत नाही.

रडण्याचं म्हणाल तर येशूचे दोन शिष्य, पेत्र आणि यहूदा, शेजारी ठेवून बघा. एकाच रात्री दोघांनी दगा दिला. यहूदालाही वाईट वाटलं, त्याने तीस रुपये परत नेऊन मंदिरात फेकलेसुद्धा. पैसे परत केले त्याने, हे आपण विसरतो! पण ज्याचा घात केला त्याच्याकडे तो गेला नाही. पेत्र रडला आणि नंतर समुद्रकाठी येशू दिसल्यावर नावेतून उडी मारून त्याच्याकडे पोहत गेला. मला वाटतं फरक अश्रूंचा नाही, कुणाकडे गेले त्याचा आहे.

केळीवाडी

सगळ्यांचे आभार. कट्ट्यावरचा, तुमचा खडा बरोबर लागला.

काल पुण्यात, घरापासून लांबच्या एका चर्चमध्ये कन्फेशनला गेलो. (लांबचं का? ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. अजून तसाच आहे मी.) रांगेत माझ्यापुढे एक शाळकरी मुलगा होता, हातात चिठ्ठी, पापं लिहून आणलेली. माझी वेळ आली तेव्हा 'शेवटचं कन्फेशन करून अकरा वर्षं झाली' एवढं बोललो आणि पुढे पश्चात्तापाची प्रार्थनाच आठवेना. फादर म्हणाले, थांबा, मी म्हणतो, तुम्ही मागून म्हणा. बालवाडीसारखं म्हटलं.

वाडीचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग विचारलं, "पैसे परत करता येतील का?" मी म्हटलं, एकदम नाही, हप्त्याने जमेल. ते म्हणाले, "मग ते करायचं असं इथे ठरवून उठा. क्षमा देव देतो, ती मी तुम्हाला देतो. पण भावाचं देणं माझ्या हातात नाही." प्रायश्चित्त म्हणून स्तोत्र ५१ वाचायला सांगितलं. पापक्षमा दिली. रडू तेव्हाही आलं नाही. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो.

आता प्रश्न असा, किती परत करायचे? चार लाख की व्याजासकट?

नगरी_सलाम

हा माझ्या आवडीचा विषय, दादा. मोशेच्या नियमशास्त्रात याचे दर ठरलेले आहेत. गणना ५:७, स्वतःहून कबूल केलं तर मुद्दल अधिक पाचवा हिस्सा. म्हणजे चार लाख ऐंशी हजार. निर्गम २२ मध्ये चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर एकास चार. आता जक्कय बघा, लूक १९. जकातदारांचा मुख्य, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढलेला. तो स्वतःहून कबूल करतोय, म्हणजे त्याला पाचवा हिस्साच लागू. पण तो म्हणतो, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट देतो. पकडलेल्या चोराचा दंड त्याने आपणहून स्वतःवर लावून घेतला. वर निम्मी मालमत्ता गरिबांना.

दुसऱ्याची बायको घेतलेल्या दावीद राजाची गोष्टही इथेच जोडलेली आहे. नाथान संदेष्टा त्याला श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. दावीद भडकून म्हणतो, त्या माणसाने चौपट भरून द्यावं! आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. स्तोत्र ५१ त्यानंतरचं, असं त्याच्या मथळ्यातच आहे. तुमच्या फादरांनी नेमकं तेच हातात दिलंय.

कट्ट्यावरचा

चौपट म्हणजे सोळा लाख. दादा, जक्कयचं ऐकू नका, घर विकावं लागेल. चार ऐंशी द्या. खरं तर त्या वाडीचा आजचा वसईतला भाव काढला तर तेही कमीच आहे. आणि फादरांचं वाक्य मला आवडलं, हे नास्तिक म्हणून नोंदवतो.

आजीची_पेटी

आकडा नंतर. आधी जाऊन सांगा. फोनवर नको.

केळीवाडी

झावळ्यांच्या रविवारी वसईला जाऊन आलो.

गोड शेवटाची अपेक्षा असेल तर वाचू नका.

भाऊ विहिरीजवळ पंप दुरुस्त करत होता. राहिलेली दोन गुंठे अजून तोच कसतो. मी उभ्या उभ्या सांगितलं. मला वाटत होतं, त्याला कुठून तरी कळलं असेल. नव्हतं कळलं. पाना हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या वर्षी मी पोरीचं ॲडमिशन रद्द केलं होतं. पैसे नाहीत म्हणून. तुला माहीत होतं ना?" माहीत होतं. मी तेव्हा तिला पाच हजार पाठवले होते आणि त्याने मला आशीर्वाद दिला होता.

मी चेक पुढे केला. त्याने घेतला नाही. म्हणाला, "तुझं तू मोकळा झालास. आता हे घेऊन मी कुठे जाऊ?" आणि परत पंपाकडे वळला. वहिनीने चहा केला होता, तो ओट्यावरच राहिला. परतीच्या गाडीत, विरार ते दादर, रडू आलं. आता आलं. शेजारचा माणूस सरकून बसला.

भीमेकाठची

वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. लूकमधली उधळ्या पुत्राची गोष्ट पण तिथेच थांबते हो. धाकटा परत आला म्हणून रुसलेल्या थोरल्या भावाची बाप अंगणात उभा राहून समजूत घालतोय. थोरला आत गेला की नाही ते येशूने सांगितलेलंच नाही. थोरल्याला रागवायचा हक्क होता. तुमच्या भावालाही आहे.

कट्ट्यावरचा

भावाचं वाक्य लागलं. तुम्ही मोकळे झालात ते त्याच्या जिवावर, हे खरं आहे. तरीही सांगितलंत ते बरं केलंत. चेक पोस्टाने पाठवू नका, त्याला वेळ द्या.

केळीवाडी

पाठवला नाही. ईस्टरची मिस्सा पुण्यातच केली, रांगेत उभं राहून अकरा वर्षांनी ख्रिस्तप्रसाद घेतला. भावाला फोन केला, उचलला नाही.

काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड. वर-खाली दुसरं अक्षर नाही. आज सकाळी पहिला लाख पाठवला. बँकेच्या ॲपमध्ये शेवटी शेरा लिहायची जागा असते, तिथे काय लिहावं सुचेना. 'वाडी' लिहिलं.